दसारामचा होकार

"पण भंते, लोक वाचतच नाहीत. त्याला मी काय करणार होतो?"

विहाराच्या ओट्यावर ऊन सरकत आलं होतं. भंते उपसेनांनी आसन थोडं मागे ओढून घेतलं आणि पुन्हा बसले.

समोर प्रसेनजित रामटेके बसला होता. शाळेत असताना दर उन्हाळ्यात तो डोकं भादरून, चीवर पांघरून याच ओट्यावर श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, म्हणून राहायचा. श्वासाकडे लक्ष कसं द्यायचं, हे भंतेंनीच त्याला शिकवलं होतं. आता तो पुण्यात एका कंपनीत मोठा डिझायनर होता. मोबाइल उघडला की माणसाला आधी काय दिसावं, नंतर काय दिसावं, बोट कुठे जावं, हे तो ठरवायचा.

"बटण दाबायच्या आधी सगळं लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "एक शब्द लपवला नव्हता."

"बारीक अक्षरात?"

"…हो. बारीक अक्षरात."

भंतेंनी मान हलवली.

झालं होतं ते असं.

प्रसेनजितच्या कंपनीचं एक ॲप होतं. औषधाची वेळ झाली की आठवण करून द्यायचं, गोळ्या संपत आल्या की कळवायचं. तालुक्याच्या गावांमधले डॉक्टरसुद्धा पेशंटला ते घ्यायला सांगू लागले होते. पहिल्यांदा उघडलं की एक लांबलचक मजकूर यायचा. तुमची माहिती कुणाकुणाला दिली जाईल, घरच्यांना काय कळवलं जाईल, औषध दुकानांना काय कळवलं जाईल. त्याखाली एक मोठं हिरवं बटण, 'पुढे चला'. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरं होती. 'घरच्यांना कळवा' या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असायची.

ही मांडणी प्रसेनजितची. ती आल्यापासून जवळजवळ प्रत्येक माणूस पुढे जाऊ लागला. ऑफिसात त्याचं कौतुक झालं. त्याला बढती मिळाली.

आणि इकडे, त्याच्याच गावाच्या शेजारच्या पिंपळटोल्यात, दसाराम मारबतेची मुलगी माहेरपणाला आलेली असताना तिनं ते बटण दाबलं.

तिला लहानपणापासूनचा एक आजार होता. गोळ्या चालू असल्या की कुणाला संशयही यायचा नाही. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. घरचा नंबर म्हणून तिनं नवऱ्याचा नंबर घातला, कारण घरचा नंबर म्हणजे तोच. पुढे एकदा गोळ्या संपत आल्या तेव्हा नवऱ्याच्या फोनवर निरोप गेला. त्यात गोळीचं नाव होतं, आजाराचं नाव होतं, आणि कुठल्या दुकानात ती स्वस्त मिळेल तेही होतं. नवऱ्यानं तो आईला वाचून दाखवला.

तिला माहेरी आणून सोडलं.

माहेरी आल्यावर तिनं गोळ्या बंद केल्या. मला काही झालेलं नाही, हे तिला सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं. एका सकाळी ती दोन गावांमधल्या तलावावर कपडे धुवायला गेली आणि तिथेच झटका येऊन पाण्यात पडली. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. बायका धावल्या, पण उशीर झाला होता.

हे प्रसेनजितला त्याच्या आईनं फोनवर सांगितलं. बोलता बोलता तिनं ॲपचं नाव घेतलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

त्यानंतर तो बदलला, हे खरं. त्यानं ऑफिसात भांडण मांडलं. नवा स्क्रीन करायला घेतला. वरिष्ठ म्हणाले, असं केलं तर निम्मे लोक नाही म्हणतील. तो म्हणाला, म्हणू देत. पण कुणी ऐकेना. तेव्हा एका बैठकीत त्यानं तिची गोष्ट सांगितली. नाव बदललं होतं, पण तलाव सांगितला, कपडे सांगितले, गुडघाभर पाणी सांगितलं. बैठकीतली माणसं सुन्न झाली. एकीनं डोळे पुसले. त्याच दिवशी नवा स्क्रीन मंजूर झाला.

आणि आता बंगळूरला मोठी सभा होती. देशभरातले डिझायनर येणार होते, मोठ्या कंपन्यांची माणसं येणार होती. प्रसेनजितला बोलायला बोलावलं होतं. जाण्याआधी तो भंतेंकडे आला होता. आशीर्वाद घ्यायला, असं तो आईला सांगून निघाला होता. मनात दुसरंही काही होतं. त्याला कुणीतरी म्हणायला हवं होतं की आता फिटलं.

"नवा बघा, भंते," तो म्हणाला आणि फोन पुढे केला.

भंतेंनी चष्मा लावला. सावकाश वाचलं.

एका वेळी एकच प्रश्न होता. 'तुमच्या गोळ्यांबद्दल या नंबरवर कळवू का?' खाली नंबर. 'कळवलं तर त्या माणसाला तुमचा आजार कळेल.' आणि दोन बटणं, सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची. हो. नाही.

"नाही म्हटलं तर काय होतं?" भंतेंनी विचारलं.

"काहीच होत नाही. ॲप तसंच चालतं. आधी हो म्हणून नंतर नाहीही म्हणता येतं."

"चांगलं आहे."

प्रसेनजितचा चेहरा उजळला. लहानपणी पाठ न चुकता म्हटला की उजळायचा तसा.

"तुम्ही खरंच म्हणताय ना, भंते?"

"खरंच म्हणतो. चांगलं आहे. सभेत हे दाखवणार?"

"हे दाखवणार. आणि तिची गोष्ट सांगणार. गोष्टीशिवाय कुणी हलत नाही."

भंतेंनी चष्मा काढला. घडी घालून ठेवला.

"विचारलंस?"

"कुणाला? भंते, ती राहिली नाही."

"तिचे वडील आहेत."

तलावाच्या बाजूनं वारा आला. ओट्यावरची वाळकी पानं भिंतीपर्यंत गेली आणि थांबली.

"नाव बदललंय," प्रसेनजित म्हणाला. "गावाचं नावही घेणार नाही."

भंतेंनी पिंपळटोल्याच्या वाटेकडे पाहिलं. तो उठला, चपला घातल्या आणि निघाला.

पिंपळटोला जवळच. दसाराम अंगणात बकरीला पाला टाकत होता. पांढरा शर्ट घातलेला माणूस फाटकाशी बघून त्यानं हात झटकले, आत जाऊन खुर्ची आणली, गमछ्यानं पुसली.

"बसा जी, बसा."

"काका, मी सुनंदाबाई रामटेकेचा मुलगा."

"असं का. मंग तर घरचेच. बसा."

घरात चहा ठेवायला सांगून तो स्वतः जमिनीवर उकिडवा बसला. प्रसेनजितनं खुर्ची सोडून खाली बसायचा प्रयत्न केला, तर दसारामनं त्याला बसू दिलं नाही.

"काका, मी… तुमच्या मुलीबद्दल एका ठिकाणी बोलणार आहे. पुन्हा असं कुणाचं होऊ नये म्हणून. बोललो तर चालेल ना?"

"हो जी," दसाराम म्हणाला.

"म्हणजे, तुमची हरकत…"

"कायची हरकत. तुम्ही शिकलेले लोक. चांगलंच सांगान."

चहा आला. दसारामची बायको कप ठेवून लगेच आत गेली. दाराआड ती उभी असल्याचं तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. दसारामनं पावसापाण्याचं विचारलं, पुण्यात भाडं किती पडतं ते विचारलं, आई कशी आहे ते विचारलं. मुलीचं एक अक्षर काढलं नाही. निघताना फाटकापर्यंत आला आणि हात जोडून उभा राहिला.

प्रसेनजित परत विहारात आला तेव्हा त्याची पावलं हलकी पडत होती.

"हो म्हणाले, भंते."

"काय विचारलं त्यांनी तुला?"

"काही नाही. लगेच हो म्हणाले. चहा पाजला."

भंतेंनी हात पुढे केला.

"तुझा फोन दे."

प्रसेनजितनं फोन काढला, अंगठा लावून उघडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

भंतेंनी तो पाहिलासुद्धा नाही. तसाच तळहातावर राहू दिला.

"कशाला मागितला, विचारलं नाहीस."

"तुम्ही मागितलात, भंते."

भंतेंनी फोन त्याला परत दिला.

प्रसेनजित फोन हातात धरून बसला. स्क्रीनचा उजेड गेला आणि काळी काच राहिली. दसारामनं खुर्ची पुसली होती ते त्याला आठवलं. स्वतः उकिडवा बसला होता ते आठवलं. 'हो जी' म्हणताना दसाराम त्याच्या तोंडाकडे नाही, शर्टाच्या बाहीकडे बघत होता.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"परत जा."

"आणि?"

"त्यांच्याकडून नकार घेऊन ये."

प्रसेनजितला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"भंते, पण ते हो म्हणालेत. कुणी हो म्हटल्यावर त्याच्याकडून नाही कसं घ्यायचं? आणि ते नाही म्हणाले तर? मग मी तिथे काय बोलू? नुसती दोन बटणं दाखवू? भंते, ती गोष्ट ऐकूनच आमच्याकडे बदल झाला. तिथे आणखी पन्नास कंपन्यांची माणसं असणार आहेत. त्या सगळ्यांच्या ॲपवर अजून ते हिरवं बटण आहे. मी गप्प बसलो तर उद्या दुसऱ्या कुणाची मुलगी जाईल. त्याचं काय?"

तो पोटतिडकीनं बोलत होता, आणि बोलत होता ते खोटं नव्हतं. भंतेंनाही ते कळत होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तलावाकडे पाहिलं.

"जा," ते म्हणाले.

तो गेला. या वेळी रस्ता लांब वाटला.

दसाराम अंगणातच होता. त्याला पुन्हा आलेला बघून गडबडला, खुर्ची आणायला वळला.

"खुर्ची नको, काका. तुम्ही बसा. मी इथे बसतो."

तो मातीत बसला. दसारामही बसला, जरा अंतर ठेवून.

"मघाशी मी तुम्हाला नीट सांगितलं नाही," प्रसेनजित म्हणाला. "आता सांगतो. थांबावंसं वाटलं तर थांबवा मला."

आणि त्यानं सांगितलं. सभा कुठे आहे, किती माणसं असतील. तिचं नाव घेणार नाही, पण तलाव येईल, सासर येईल, आजार येईल. ते सगळं कॅमेऱ्यात टिपलं जाईल आणि नंतर कुणालाही बघता येईल, अनेक वर्षं. या तालुक्यातल्या कुणी बघितलं तर ओळखेल. तिच्या सासरचेही बघतील. त्या भाषणानं कदाचित दुसऱ्या मुली वाचतील. कदाचित काहीच होणार नाही. पण त्याचं स्वतःचं नाव मात्र होईल.

दसाराम ऐकत होता. हातातली पाल्याची काडी त्यानं मोडली, मग तिचे आणखी बारीक तुकडे केले.

"अजून एक आहे, काका. आधी ते सांगायला हवं होतं."

दसारामनं काडीचे तुकडे खाली टाकले.

"ते ॲप आमच्या कंपनीचं आहे. ते हिरवं बटण मी बनवलं."

दाराआडच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

दसारामनं मान वर केली. पहिल्यांदाच त्यानं प्रसेनजितच्या तोंडाकडे नीट पाहिलं. प्रसेनजितला वाटलं, आता हा उठेल. आपल्याला हाकलून देईल, शिव्या देईल. दिल्या तर बरं होईल, असंही वाटलं.

"तुमी बनवलं ते?" दसारामनं विचारलं.

"हो."

"मोठं होतं. हिरवं."

"हो, काका."

"तिनं दाखवलं होतं मले. इथंच बसली होती, हे आता तुमी बसले ना, तिथंच." दसारामनं बोटानं ती जागा दाखवली. "बापू, मलेच इचारलं तिनं. 'बाबा, काय करू' म्हणे…"

मग तो बोलत राहिला. तोंड भिंतीकडे केलं होतं, म्हणून प्रसेनजितला पुढे झुकून ऐकावं लागलं. हे शब्द या माणसानं आजवर कुणापाशी काढलेले नाहीत, बायकोपाशीसुद्धा नाहीत, हे त्याला ऐकतानाच कळलं. त्यानं मधे एकदा 'काका' म्हटलं. दसाराम बोलतच राहिला.

बकरी पाला खाऊन बसली. अंगणातली सावली कुडाच्या भिंतीपर्यंत गेली.

दसारामनं गमछ्यानं तोंड पुसलं.

"नोका सांगू जी," तो म्हणाला.

प्रसेनजितनं त्याच्याकडे पाहिलं.

"तिथं जाऊन तिचं नोका सांगू. लय सांगून झालं तिचं. सासरच्यांनी सांगितलं, गावानं सांगितलं. ती जिती होती तवा बी सगळे तिचंच सांगत होते." तो जरा थांबला. "तुमचा धंदा बुडत असन तर बुडो. राग नोका मानू."

"राग नाही, काका."

"मी नाही म्हणून रायलो, बापू. आयकलं ना?"

"ऐकलं."

दसारामनं मान हलवली. या वेळी तो फाटकापर्यंत आला नाही. जिथे बसला होता तिथेच बसून राहिला. प्रसेनजितनं वळून पाहिलं तर त्याची बायको बाहेर आली होती आणि त्याच्याजवळ, काही न बोलता, खाली बसत होती.

तलावाच्या काठावर प्रसेनजित थांबला. फोन उघडला. भाषणातली तिच्याबद्दलची पानं एकेक करून काढून टाकली. उरलं ते फारच थोडं होतं. एक प्रश्न आणि दोन बटणं. हे बघून कुणाचे डोळे भरणार नव्हते. कुणी सुन्न होणार नव्हतं. टाळ्या पडतील, चहाची सुटी होईल, आणि माणसं आपापल्या हिरव्या बटणांकडे परत जातील. हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तरी त्यानं ती पानं परत आणली नाहीत.

बायका कपडे धुऊन परतत होत्या. त्याला बघून त्या बोलायच्या थांबल्या आणि पुढे गेल्यावर पुन्हा बोलू लागल्या.

विहारात भंते ओटा झाडत होते. त्याला येताना बघून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

प्रसेनजितनं वंदन केलं. ओट्यावर न चढता तो पायरीवरच बसला. तो रडत होता. भंतेंनी त्याला रडू दिलं. लहानपणी घरची आठवण येऊन तो असाच याच पायरीवर रडायचा.

"नाही म्हणाले," तो म्हणाला.

भंतेंनी डोळे मिटले. उघडले.

"भाषणातून तिला काढलं मी. जाईन, पण नुसतं काम दाखवून येईन. भंते, पण आज तिथे जे ऐकलं ते मला झेपत नाहीये. मला वाटत होतं, चूक माझी एकट्याची. त्या माणसानं इतके दिवस आत काय दाबून ठेवलंय, तुम्हाला कल्पना नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. तिनं ते बटण दाबायच्या आधी दसारामकाकांनी तिला…"

भंतेंनी हात वर केला.

प्रसेनजित थांबला.

भंते त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि फार हलक्या आवाजात विचारलं,

"हे मला सांगायला त्यांनी तुला सांगितलंय का?"